मुंढा खोल केला आणि हात अडकला : 1785 च्या एका गाऊनचं प्रकरण

"गाऊन शिवून देशील का गं?" असा काकूंचा मेसेज आला तेव्हा मी आधी हसलेच, कारण आपल्याकडे गाऊन म्हटलं की तोच डोळ्यासमोर येतो, फुलाफुलांचा, वरून ओढणी टाकून बायका ज्याच्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणतात तो. काकूंना हवा होता 1785 च्या आसपासचा इंग्लिश गाऊन. पण गंमत ऐका, त्या काळात इंग्लंडमध्ये पाठीला घट्ट बसणाऱ्या ह्या प्रकाराला नाइटगाऊनच म्हणायचे आणि बायका तो घालून खुशाल चारचौघात फिरायच्या. झोपण्याशी काही संबंध नाही. म्हणजे आपल्या बायका काही वेगळं करत नाहीयेत.

काकू मूळच्या नाशिकच्या, तीस वर्षं इंग्लंडात, शाळेतून रिटायर झाल्यावर आमच्या भागातल्या एका जॉर्जियन काळातल्या, म्हणजे अठराव्या शतकाच्या आसपासच्या घरात व्हॉलंटियर म्हणून जायला लागल्या. त्यांचं काम स्वयंपाकघरात, त्या काळातल्या व्यापाऱ्याची बायको बनून शाळेच्या मुलांना चूल, भांडी, जेलीचे साचे वगैरे दाखवायचे. आधी त्यांना जो ड्रेस मिळाला होता त्याला मागे झिप होती, आणि काकूंना ते काही केल्या पटेना. मी इथे घरूनच ब्लाऊज, अल्टरेशन, कधीमधी लग्नाचे घागरे असं करते, त्याआधी कोल्हापुरात नऊ वर्षं ब्लाऊजच शिवले. ऐतिहासिक कपडे म्हणाल तर त्याआधी दोनच, ते पण नाटकासाठी, लांबून बघायचे. हे पहिलं असं काम जे घालून बाईला दिवसभर राबायचं होतं, आणि ह्यात मी एक अशी चूक केली जी ब्लाऊज शिवणाऱ्या बाईने करायलाच नको होती, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

पहिला घोळ मापातच झाला. मी नेहमीसारखी टेप घेऊन गेले आणि छाती 102, कंबर 88, पाठ 36 सेंटीमीटर असं वहीत लिहून आले. ही मापं नंतर एकही कामाला आली नाहीत. कारण तो गाऊन मुळात बाईच्या अंगावर बसतच नाही, तो बसतो तिच्या स्टेजवर. स्टेज म्हणजे आपलं लग्नातलं नाही हो, आतून घालायची कडक, कांड्या भरलेली चोळी, कॉर्सेटची आजी समजा. काकूंनी ऑनलाइन एक कॉर्सेट मागवून ठेवलं होतं, पुढे स्टीलची पट्टी, मध्ये कंबर आवळलेली, ते शंभर वर्षं नंतरचं व्हिक्टोरियन धाटणीचं. त्याच्यावर काहीही शिवलं तरी बाई वाळूच्या घड्याळासारखीच दिसणार. अठराव्या शतकातला आकार वेगळा, आईस्क्रीमच्या कोनासारखा, वर रुंद खाली निमुळता, पुढून सपाट, छाती वर उचललेली आणि कंबर आपण समजतो तेवढी काही बारीक बिरीक केलेली नाही. खाली कमरेला ती चोळी कापून तिच्या पाकळ्या केलेल्या असतात, त्या कुल्ल्यांवर पसरतात आणि घागऱ्यांचं सगळं वजन त्या पाकळ्यांवर येतं. वजन कमरेत रुतत नाही. जड शालूच्या परकराची नाडी दिवसभर कमरेत रुतलेली ज्यांना आठवत असेल त्यांना ही सोय लगेच कळेल.

तर आधी स्टेज शिवावी लागली. अडीच आठवडे गेले. पूर्वी त्याच्यात देवमाशाच्या तोंडातल्या झालरीच्या पट्ट्या घालायचे, आता प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात तशाच वाकणाऱ्या, त्या मी 5 मिलीमीटर रुंदीच्या घेतल्या. त्यांच्या नळ्या मी मशीनवर मारल्या, हे आधीच कबूल करून टाकते, ज्यांना सगळं हाताने करायचंय त्यांनी करावं, मला मे महिन्याच्या आत काम द्यायचं होतं. त्या काळात हे काम बहुतेक पुरुष शिंप्यांचं असायचं, आणि गाऊन शिवायच्या त्या बायका, त्यांना मँटुआ-मेकर म्हणायचे. मला ही वाटणी आधी विचित्र वाटली होती, पण चार थर जाड लिननमधून सुई ओढून बोटं सुजली तेव्हा कळलं की ताकदीचंच काम आहे ते. बांधायला मागून एकच दोरी, भोकं समोरासमोर नाहीत तर एकाआड एक, दोरी नागमोडी वर चढत जाते आणि एका टोकाला ओढली की सगळं आवळतं. मागे 5 सेंटीमीटर फट मुद्दाम ठेवली, कारण चोळी अंगाच्या उबेने हळूहळू सैलावते.

स्टेज घालून परत माप घेतलं तर छाती 99, कंबर 83, आणि पाठ 33! पाठ तीन सेंटीमीटरने कमी झाली, कारण ती चोळी खांदे मागे ओढते आणि बाई ताठ होते. काकू आरशात बघून म्हणाल्या, "अगं, माझी सासू म्हणायची सरळ बस सरळ बस, तिला हे द्यायला हवं होतं." 

कापडाबद्दल थोडं बोलायलाच हवं कारण तिथे आपला संबंध येतो. इंग्रजीत ज्याला चिंट्झ म्हणतात ती आपली छीट. कोरोमंडल किनाऱ्यावर, मछलीपट्टणम वगैरे भागात, कलमाने रेघा ओढून, तुरटी लावून, चायरूट नावाच्या मुळाचा लाल चढवून केलेलं सुती कापड, जे धुतलं तरी रंग सोडत नाही. युरोपात तोपर्यंत असं कापड बघितलेलंच नव्हतं, बायका वेड्या झाल्या आणि तिथले लोकर-रेशीमवाले विणकर खवळले. फ्रान्सने 1686 ला बंदी घातली ती 1759 पर्यंत. इंग्लंडने 1701 पासून भारतातून आलेल्या छापील कापडावर बंदी आणली आणि 1721 चा कायदा तर असा की छापील सुती कापड अंगावर घालायचं पण नाही. 1774 ला ती ढिली झाली, ब्रिटनमध्येच विणलेल्या सुती कापडावर छापायला परवानगी, फक्त ओळख पटावी म्हणून काठाला तीन निळे धागे असले पाहिजेत. म्हणजे 1785 ची व्यापाऱ्याची बायको छापील सुती गाऊन घालून उजळ माथ्याने फिरू शकते, तिच्या आईने तीस वर्षांपूर्वी तोच घातला असता तर दंड झाला असता. काकूंना ही गोष्ट इतकी आवडली की रेशमाचा विषयच संपला. क्रीम रंगावर वेलबुट्टी आणि लाल-जांभळी फुलं असलेलं साडेसहा मीटर कापड घेतलं, अस्तराला मध्यम जाडीचं लिनन, दोरा पण लिननचा, मेण लावलेला. कापडाचा भाव मी इथे सांगत नाही, नवरा हे वाचतो.

आता गाऊनची रचना. पाठीचे मधले पट्टे खांद्यापासून खाली जमिनीपर्यंत अखंड असतात, कमरेत कापलेलेच नसतात. कमरेपर्यंत त्यांच्या प्लीट्स घालून त्या अस्तराला शिवून टाकतात आणि कमरेखाली त्याच प्लीट्स सुटून घागरा होतो. दिसायला अप्रतिम, पण करताना जीव मुठीत. ब्लाऊजमध्ये कंबर वर खाली झाली तर शिलाई उसवून सरकवता येते, इथे पाठीत कंबरेची शिलाईच नाही, काय सरकवणार? त्यामुळे मँटुआ-मेकर कागदावर कटिंग करायच्याच नाहीत, बाईला स्टेज घालून उभी करायच्या, आधी अस्तर अंगावर टाचायच्या आणि त्याच्यावर कापड घालून तिथल्या तिथे घड्या बसवायच्या. मजुरी स्वस्त आणि कापड महाग असा तो काळ, त्यामुळे कात्री शेवटी. आता कापड स्वस्त आणि माझा वेळ महाग (निदान मी तरी तसं समजते), तरी मी हे तसंच केलं. तीन शनिवार काकू माझ्या हॉलमध्ये कणकेच्या डब्याला धरून उभ्या, डबा एवढ्यासाठी की हात नैसर्गिक जागी राहावेत, आणि मी तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती प्रदक्षिणा. पाठ सुरेख बसली. म्हणजे खरंच, चार प्लीट्स कमरेशी बोटभर रुंदीत येऊन मिळतात, एक सुरकुती नाही. फोटो काढून आईला पाठवला, आईचा अंगठा आला, आमच्याकडे अंगठा म्हणजे पद्मश्री.

आणि मग बाह्या.

इथे मी शॉर्टकट मारला. पाठ अंगावर बसवली, पण बाही मात्र टेबलावर, माझ्या नेहमीच्या पद्धतीने कापली. बाहीची उंच टोपी ठेवली, म्हणजे खांद्यावरचा तो डोंगरासारखा भाग, म्हटलं फिटिंग छान दिसेल. मुंढ्याला, म्हणजे चोळीला बाही जोडतात त्या गोल कापाला, सगळीकडून मशीनने जोडली आणि खांद्याची शिलाई पण आजच्यासारखी हाडाच्या एक सेंटीमीटर बाहेर. चौथ्या शनिवारी काकूंनी घातला, उभ्या राहिल्या, सुंदर. मी म्हटलं काकू हात वर करा. हात खांद्याच्या जरा वर गेला आणि थांबला. काकूंनी जोर लावला तर हात गेला नाही, पण अख्खी चोळी वर आली आणि पुढच्या दोन टाचण्या टपकन तुटून आल्या. "काखेत काचतंय गं," काकू म्हणाल्या, "इथे जरा मोकळं कर की."

आणि मी मोकळं केलं. गिऱ्हाईक काचतंय म्हणाली की हात आपोआप कात्रीकडे जातो, विचार नंतर. दोन्ही मुंढे खालून 2 सेंटीमीटर खोल केले, बाही परत जोडली, तीन तास गेले. पुढच्या वेळी काच गेला होता. आणि हात आधीपेक्षाही कमी वर जात होता.

ब्लाऊज शिवणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर ती आत्ता कपाळावर हात मारत असेल. मुंढा खाली नेला की हात मोकळा होतो असं वाटतं पण होतं उलटं. बघा, हात फिरतो खांद्याच्या सांध्यातून. बाहीची काखेतली शिलाई त्या सांध्याच्या जितकी जवळ तितकं हात वर करताना कापड कमी ओढलं जातं. मुंढा खाली गेला म्हणजे काखेतून कोपरापर्यंतची बाहीची लांबी कमी झाली आणि कुशीचं कापड बाहीला जखडलं गेलं, मग हात वर केला की कुशीसकट सगळं वर येणारच. शर्टाच्या ढगळ काखेत हे चालून जातं कारण शर्ट कमरेला मोकळा असतो, वर आला तर आला. गाऊन कमरेत आवळलेला, वर जायला जागाच नाही. हे मला कोल्हापुरात पहिल्या वर्षी शिकवलं होतं, आणि मी स्वतः किमान दहा पोरींना शिकवलंय. पण समोर इंग्लिश गाऊन आला आणि मला वाटलं इथले नियम वेगळे असतील. अंग तर तेच ना! असो.

त्या रात्री झोप नाही. सकाळी ठरवलं की आता कात्री लावायची नाही, आधी नेमकं अडतंय कुठे ते शोधायचं. काकूंना बोलावलं, भिंतीवर पिवळ्या चिकट चिठ्ठ्या लावायच्या ठरल्या. नुसती शिफ्ट घालून, म्हणजे आतला सैल लिननचा झगा, ज्याच्या काखेत आपल्या नेहरू शर्टासारखा चौकोनी तुकडा असतो, हात वर करून बोटं टेकतील तिथे पहिली चिठ्ठी : जमिनीपासून 196 सेंटीमीटर. स्टेज चढवल्यावर 194. म्हणजे जिला सगळे नावं ठेवतात ती कडक चोळी इथे निर्दोष, दोन सेंटीमीटरचं काय एवढं. मग गाऊनच्या बाह्या पूर्ण उसवून नुसता बिनबाह्यांचा गाऊन : 192. मग बाही फक्त खालच्या अर्ध्या भागात कच्च्या टाक्यांनी जोडून, वरचा अर्धा भाग मोकळा लोंबता : 179. आणि शेवटी वरचा भाग पण टाचून पूर्ण बाही : 163. ह्याच्या आधीच्या शनिवारी, मुंढा खोल करण्यापूर्वी, काकूंचा हात आमच्या कपाटाच्या मुठीपर्यंत गेला होता, ती मूठ मोजली तर 171. आणि त्या घराच्या स्वयंपाकघरातल्या ज्या फळीवर तांब्याचे जेलीचे साचे ठेवतात ती आहे 178 वर. काकूंनीच मोजून आणली. म्हणजे सरळ हिशोब, 178 च्या वर हात गेला पाहिजे, नाहीतर व्यापाऱ्याच्या बायकोला साचे काढून द्यायला जीन्समधला मुलगा ठेवावा लागणार.

चिठ्ठ्यांवरून दोन गोष्टी दिसल्या. 192 वरून 179, म्हणजे तेरा सेंटीमीटर खाऊन टाकले खोल मुंढ्याने, ते माझं पाप. पण 179 वरून 163, हे सोळा बाहीच्या वरच्या अर्ध्या भागाने खाल्ले. टोपी उंच म्हणजे हात खाली सोडलेला असताना बाही गुळगुळीत दिसते, हात उचलला की तीच टोपी खांद्यावर दोरीसारखी ताणते. त्यात खांद्याची शिलाई हाडाच्या बाहेर, म्हणजे दंडाला पट्टाच बांधल्यासारखा. आणि तो मूळचा काच? तो मुंढ्याचा नव्हताच. मी काखेत दीड सेंटीमीटर माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जास्तीचं कापड, ठेवली होती, लिनन अधिक छीट अधिक बाहीचं अस्तर अधिक बाही, चार थर, न कातरलेले, आणि ते स्टेजच्या वरच्या काठावर दाबून बसत होते. त्या मायेला नुसते कात्रीने बारीक काप मारले असते आणि काठ अर्ध्या सेंटीमीटरवर आणला असता तर काच तिथेच संपला असता. दहा मिनिटांचं काम!

दुरुस्ती करताना मी म्युझियममधल्या जुन्या गाऊनांचे आतले फोटो परत काढून बसले. लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमच्या साईटवर छीटचे गाऊन आहेत, आणि नीट बघितलं तर जुन्या कपड्यांना जोड असतात, कधी काखेत, कधी बाहीच्या वर, कधी घागऱ्याच्या कोपऱ्यात, फूल कुठे आणि देठ कुठे. त्यांना लाज वाटत नव्हती, कापड महाग होतं बस. तेव्हा मी पण ठरवलं की कापलेला मुंढा जोड लावून परत वर आणायचा. उरलेल्या कापडात जेमतेम दोन नव्या बाह्या बसल्या, म्हणून जोडासाठी जुन्याच बाह्या फाडल्या. चंद्रकोरीसारखे तुकडे, अस्तराला वेगळे आणि वरच्या कापडाला वेगळे, काठ एकमेकांवर चढवून वरून बारीक टीप, म्हणजे काखेत गाठ होत नाही. उजवीकडच्या तुकड्यात वेल जवळपास जुळली. डावीकडे जेवढं कापड उरलं त्यात एकच अख्खं फूल येत होतं आणि ते उलटं. तसंच लावलं. आणि मुंढा पूर्वीपेक्षा पण अर्धा सेंटीमीटर वर घेतला, अगदी काखेच्या खोबणीत.

नवी बाही मात्र त्या बायकांच्या पद्धतीने. टोपी तीन सेंटीमीटरने बुटकी केली, दंडात तेवढी रुंदी वाढवली, कोपराला दोन छोट्या चुण्या घालून बाही वाकलेली ठेवली, कारण काम करताना हात वाकलेलाच असतो. मग बाहीचा फक्त खालचा अर्धा भाग मुंढ्याला सुलट बाजू समोरासमोर ठेवून हाताने घट्ट टीप मारून जोडला. वरचा भाग मोकळा. आता काकूंना पूर्ण कपडे चढवून, हातात कणकेचा डबा देऊन, उभं केलं. खांद्यावर फक्त अस्तराची पट्टी असते, तिच्यावर बाहीचा वरचा मोकळा काठ ओढून आणायचा, जास्तीचं कापड खांद्याच्या मागच्या बाजूला दोन-तीन बारीक चुण्यांमध्ये घालवायचं (पुढे नाही, मागे, कारण हात पुढे जातो तेव्हा कापड मागून लागतं), टाचायचं, हात फिरवून बघायचा, परत टाचायचं. जमलं की तिथेच टाके. आणि त्याच्यावर छीटची वेगळी पट्टी, पुढून मागे खांद्यावरून नेऊन शिवायची, की खालचा सगळा पसारा झाकला. ही पट्टी ह्या वेळी मी एक सेंटीमीटर आत घेतली, नेमकी हाडावर. इतक्या वर्षांत मी बाही कधी अशी बसवली नव्हती. मशीनला ह्यात काही कामच नाही. दोन्ही खांदे सारखे पण नाहीत, काकूंचा डावा खांदा पर्स अडकवून अडकवून जरा उतरलाय, त्या बाजूला एक चूण जास्त गेली, ते टेबलावर कधी कळलंच नसतं.

चिठ्ठी लावली : 185. काकूंनी परत परत हात वर करून बघितलं, लहान मुलीसारखं.

बाकीचं भराभर सांगते. घागऱ्याच्या बाबतीत एकच गोष्ट आहे जी मला फार आवडली, तळाचा घेर सरळ ठेवतात आणि लांबीचा फरक वर कमरेत काढतात. म्हणजे मागे कमरेला बांधलेली उशी असते, त्या काळात बूच भरलेल्या उशा पण निघाल्या होत्या आणि लोक त्यांची टिंगल करायचे, त्या उशीवरून जायला मागे कापड जास्त लागतं. आपण काय करतो, घालून बघतो आणि खालून कापतो, मग छापील काठ तिरका. त्या बायका खालचा काठ उभ्या-आडव्या धाग्यात सरळ दुमडून टाकायच्या आणि वरून कमी-जास्त करून प्लीट्स घालायच्या, म्हणजे वेल जमिनीला समांतर. काठपदराच्या साडीचा घागरा करून घेणाऱ्यांसाठी ही युक्ती मी आता इथेही वापरते. काकूंचं काम चुलीपाशी म्हणून घेर घोट्याच्या वर ठेवला आणि जाड एप्रन सक्तीचा.

समोरून गाऊन बंद करायला बटणं नाहीत, हूक नाहीत, सरळ टाचण्या. काकूंनी साफ नकार दिला. "पोटात घुसली तर?" नाही घुसत, खाली कांड्या भरलेली चोळी आहे ना, टाचणी आडवी, आत-बाहेर-आत अशी स्टेजच्या वरच्या थरात ओवायची, टोक कापडातच लपतं. मी म्हटलं काकू, निऱ्यांना आणि पदराला इतकी वर्षं पिना लावताय तुम्ही. तर म्हणाल्या त्या सेफ्टीपिना गं. बरोबरच आहे, पण सेफ्टीपिन 1849 ची, आपल्या बाईला अजून चौसष्ट वर्षं थांबायला लागलं असतं. शेवटी सात टाचण्यांवर तह झाला. फायदा असा की दिवाळीत दोन किलो वाढले तर काठ जरा कमी चढवायचा, उसवायचं काही नाही.

आणि कपडे घालायचा क्रम कागदावर लिहून दिला, कारण पहिल्या दिवशी काकूंनी सगळं घातलं आणि मग लक्षात आलं की बूट राहिले. स्टेज चढली की कमरेत वाकता येत नाही. तेव्हा शिफ्ट, मोजे, बूट, मग स्टेज, मग कमरेला नाडीने बांधायचे दोन सुटे खिसे (गाऊनला खिसे नसतात, घागऱ्यांच्या फटीतून हात आत घालायचा आणि त्यात मोबाइल छान मावतो), मग उशी, दोन पेटिकोट, गाऊन, गळ्याचा रुमाल, टोपी. पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली, आता वीस.

सगळं धरून स्टेजचे पस्तीस आणि गाऊनचे साधारण सत्तर तास झाले, त्यातले पंधरा माझ्या मुंढ्याचे, त्याचे पैसे मी लावले नाहीत. उजव्या बाजूला गळ्यापाशी एक सुरकुती अजून आहे, काकू बसल्या की येते उठल्या की जाते, ती मी सोडून दिली.

मे महिन्यात मी गुपचूप बघायला गेले. तिसरी-चौथीतली वीसएक पोरं, काकू फळीवरून साचे काढून देतायत, एक, दोन, तिसरा मासोळीच्या आकाराचा. एका मुलीने विचारलं, तुमच्या काखेत फूल उलटं का आहे? मी खांबामागे. काकूंनी हात अजून वर केला, तो जोड सगळ्यांना नीट दिसेल असा धरला आणि छीट, बंदी, तीन निळे धागे इथपासून सुरुवात केली. दहा मिनिटं हात वरच होता.